कच्च्या लिंबाचा हक्क

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले असता वाटेत सेलू लागते, आणि सेलूहून आत वळले की कपाशीची, तुरीची व सोयाबीनची शेते मागे टाकीत आपण हिंगणीस येऊन पोहोचतो. बाहेरच्या लोकांना हे गाव बहुधा बोर धरणाच्या आणि त्याभोवतालच्या अरण्याच्या वाटेवरील एक मुक्काम म्हणूनच ठाऊक असते; १९७० साली अभयारण्य ठरलेल्या आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा पावलेल्या त्या अरण्यात वाघाच्या दर्शनाची आस धरून निघालेली मंडळी गावावरून जातात आणि पाणी पिण्यापुरती थांबून पुढे निघतात. मी तेथे वाघासाठी गेलो नव्हतो. एका स्नेह्याच्या घरी आठवडाभर राहण्याचा योग आला होता, आणि पहिल्याच सायंकाळी घरामागील मोकळ्या जागेत उसळलेल्या गलक्याने मला ओट्यावरून उठवून कुंपणाशी नेले; त्यानंतरच्या प्रत्येक सायंकाळी मी आपण होऊन तेथे जाऊन उभा राहिलो.

तेरा मुले होती. बॅट एक, चेंडू एक, आणि यष्टींच्या जागी एकावर एक रचलेल्या चार विटा. पंच नव्हता, गुणपत्रक नव्हते, वडीलधारे कोणी नव्हते. वयाने सर्वांत मोठा गडी सोळा-सतरा वर्षांचा असावा आणि सर्वांत धाकटा सहा वर्षांचा, म्हणजे बॅट उभी धरली तर तिचा दांडा त्याच्या छातीला लागावा इतका. इतक्या विषम वयाच्या, विषम बळाच्या आणि विषम घरांच्या मुलांचा खेळ दोन तास चालावा, त्यात चार वेळा कडाक्याचे भांडण व्हावे, आणि तरी दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास तीच तेरा मुले पुन्हा तेथे हजर असावीत, हे मला त्या अरण्यातील कोणत्याही दर्शनापेक्षा अधिक विस्मयकारक वाटले. शाळेत हजेरी असते, कचेरीत पगार असतो, लष्करात शिस्तीचा धाक असतो. येथे यांपैकी काहीच नाही. ज्याला वाटेल त्याने उठावे आणि घरी जावे, ही मुभा प्रत्येकाला प्रत्येक क्षणी आहे. मग ही मुले टिकतात कशाच्या बळावर?

त्या आठवडाभरात मी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की या खेळाची सगळी कायदेरचना त्या उठून जाण्याच्या मुभेतून निपजली आहे. दुर्बळाला जर रोज हरावे लागले, रोज शेवटी यावे लागले, किंवा रोज नुसतेच चेंडूमागे धावावे लागले, तर तो चार दिवसांनी येईनासा होतो. दोन-तीन दुर्बळ येईनासे झाले की बलवानांनाही खेळायला कोणी उरत नाही. म्हणून बलवानाला दुर्बळाशी तह करावा लागतो. हा तह कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही, त्याची कलमे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहेत, आणि महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी लहानपणी ती पाळलेली असूनही त्यांतील न्यायबुद्धीकडे आपण कधी नीट पाहिलेले नाही.

पहिले कलम गडी वाटून घेण्याचे. दोन नायक ठरले की उरलेल्या मुलांनी आपापल्या तोडीचा जोडीदार स्वतःच शोधायचा, जोडीने एकमेकांच्या गळ्यात हात घालून दूर जायचे, कानात कुजबुजून दोन गुप्त नावे घ्यायची आणि परत येऊन नायकांपुढे उभे राहायचे. हिंगणीत मी ऐकलेली नावे त्या मातीतलीच होती. ‘‘कोणाले वाघ पायजे, कोणाले बिबट?’’ असे एका जोडीने विचारले. दुसरी जोडी तूर आणि कपाशी होऊन आली. नायकाने नाव मागायचे, आणि त्या नावामागे जो असेल तो त्याचा गडी. या रीतीतले मर्म असे, की कोण कोणाच्या तोडीचा याचा फैसला करण्याचा अधिकार नायकाला नसून ज्यांचा तो प्रश्न आहे त्या दोघांनाच असतो, आणि कोणता गडी आपल्या वाट्याला येणार हे नायकाला ठाऊक नसल्यामुळे त्याला पक्षपात करता येत नाही. दोन्ही बाजू आपोआप समतोल होतात. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणीही सर्वांत शेवटी निवडला जात नाही.

शेवटी निवडले जाणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे कवायतीच्या तासाला दोन तगडी मुले पुढे उभी केली जात आणि त्यांनी एकेक नाव पुकारून आपापला संघ भरावा असा शिरस्ता होता. ओळ लहान लहान होत जाई. अखेरीस दोघे उरत, आणि त्यांतला एक बहुतेक वेळा मी असे. ‘‘याला तुम्हीच घ्या,’’ हे वाक्य एका नायकाने दुसऱ्याला म्हटलेले मी इतक्या वेळा ऐकले आहे की आज साठी उलटल्यावरही त्यातला आवाजाचा चढउतार मला आठवतो. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना ती पद्धत झटपट वाटत असे, इतकेच. परंतु वाघ आणि बिबट होऊन येणाऱ्या मुलांना जे कळले होते ते त्या शाळेला कळले नव्हते.

नाणेफेकीच्या जागी येथे खापरी होती. तिच्या एका अंगावर थुंकी लावायची, ती आकाशात उडवायची आणि विचारायचे, ओली की सुकी. फलंदाजीचा क्रम ठरविण्याची तजवीज याहून सुंदर होती. मातीत सहा रेघा ओढून एका टोकाला एक ते सहा आकडे लिहायचे, आकड्यांवर बॅट आडवी ठेवून ते झाकायचे, आणि प्रत्येकाने रेघेच्या उघड्या टोकावर बोट ठेवायचे. बॅट उचलली की ज्याच्या बोटाखालच्या रेघेला जो आकडा, तो त्याचा क्रम. एके दिवशी बॅटच्या मालकाला सहावा आकडा आला. त्याचे तोंड पडले, आणि क्षणभर मला वाटले की आता बॅट काखोटीला मारून हा चालता होणार, कारण ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी ही प्रतिस्पर्धी वहिवाटही आपल्याकडे तितकीच जुनी आहे. पण तो क्षेत्ररक्षकांच्या मागे जाऊन मुकाट्याने बसला. चौकशी करता कळले की चेंडू वर्गणीचा होता. त्या एका वर्गणीने मालकी हक्काचा निम्मा जोर नाहीसा केला होता. चेंडू हरवला तर ज्याने मारला त्याने शोधायचा, आणि सापडला नाही तर भरपाई सर्वांनी मिळून करायची, हेही ठरलेले होते.

आणि मग ते सहा वर्षांचे मूल. बारा गडी सहा-सहा वाटले गेले आणि हा तेरावा उरला, तेव्हा त्याचे काय करावे याची चर्चासुद्धा झाली नाही. ‘‘हा कच्चा लिंबू हाये,’’ एवढे एकाने म्हटले आणि सर्वांनी ते गृहीत धरले. महाराष्ट्रात काही ठिकाणी याला दूधभात म्हणतात. शब्द कोणताही असो, दर्जा एकच. कच्चा लिंबू दोन्ही बाजूंनी खेळतो, दोन्ही बाजूंनी धावतो, त्याला हळू आणि खालून चेंडू टाकतात, आणि तो बाद झाला तरी बाद होत नाही. मी पाहत असताना त्याची वीट तीन वेळा पडली आणि तीनही वेळा ती कोणीतरी निमूटपणे उभी केली. पाच-सहा चेंडू खेळून झाले की त्याने बॅट द्यायची, इतकीच मर्यादा. इतरांचा खेळ त्याच्यामुळे बिघडत नाही, कारण त्याच्या धावा कोणाच्याच खाती जमा होत नाहीत. आणि तो मात्र खेळाच्या आत असतो, चेंडू हाताळतो, भांडणे ऐकतो, कोणत्या चेंडूला बट्टा म्हणतात आणि एक टप्पा पडून एका हाताने झेल घेतला तर तो का धरतात हे शिकतो. दोन वर्षांनी तो पक्का होईल तेव्हा त्याला काहीही नव्याने सांगावे लागणार नाही. उमेदवारीची याहून मायाळू पद्धत मला कोणत्याही धंद्यात आढळलेली नाही. नागपूर-वर्ध्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि थोरांच्या बैलजोड्यांनंतर पोरे आपले लाकडी बैल सजवून मिरवतात; लहानांना थोरांच्या सोहळ्याबाहेर न ठेवता त्यांच्या मापाचा सोहळा करून देण्याची जी बुद्धी त्या सणात आहे, तीच या लिंबात आहे.

येथे मला हुतुतूविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मैदानावर कोणाला बसवावे आणि कोणाला बसवू नये या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राने ज्या बारकाईने हुतुतूत केला तितका अन्यत्र केलेला नाही. आज ज्याला आपण कबड्डी म्हणतो त्या खेळाचे पूर्वी तीन प्रकार प्रचलित होते: गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत जो गडी मेला तो मेला. त्याच्या बाजूचा संपूर्ण संघ मरून लोण चढेपर्यंत त्याने बाहेर बसायचे. संजीवनीत आपल्या बाजूने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत येतो. आणि अमर प्रकारात मेलेला गडी बाहेर जातच नाही. त्याच्या मरणाचा गुण प्रतिपक्षाला मिळतो आणि तो तेथेच खेळत राहतो. नावे कोणी ठेवली असतील ती असोत, ठेवणाऱ्याला खेळाचे तत्त्वज्ञान कळत होते यात संशय नाही. गामिनीत कौशल्याची कसोटी अधिक कठोर, हे खरे. पण जरा कल्पना करून पाहा, की चढाईला गेलेला कच्चा गडी पहिल्याच मिनिटात धरला गेला आहे आणि आता उरलेला डाव तो मैदानाच्या कडेला बसून, अंगावरची धूळ झटकीत, आपल्यावाचून चाललेला खेळ पाहत आहे. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज त्याला तो सर्वांत कमी मिळतो, आणि जो मुळातच पटाईत आहे तो अधिकाधिक पटाईत होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या देशी खेळांना नियमबद्ध करण्याचे मोठे कार्य महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतुतूचे नियम प्रसिद्ध करून १९२३ साली त्याच्या स्पर्धा भरविल्या. आणि आमच्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. आणि मला विशेष समाधान याचे वाटते की प्रमाणित कबड्डीचा पाया म्हणून अखेरीस संजीवनी प्रकारच स्वीकारला गेला. आज दूरदर्शनवर जे सामने आपण पाहतो त्यांत सात गड्यांपैकी एखादा बाहेर गेला तरी त्याचा सहकारी त्याला परत आणू शकतो, आणि म्हणूनच तो खेळ अखेरपर्यंत जिवंत राहतो. अमर प्रकार मात्र स्पर्धेतून मागे पडला. आणि स्पर्धेसाठी ते योग्यही असेल. परंतु गावच्या पटांगणावर, जेथे जिंकणाऱ्याला ढाल मिळणार नाही आणि हरणाऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही, तेथे अमरासारखा प्रकार पुन्हा चालू करावा अशी माझी शारीरिक शिक्षकांना मनापासून विनंती आहे.

स्पर्धा आणि खेळ या दोन गोष्टींतील अंतर हिंगणीसारख्या गावातही आता ठळक होत चालले आहे. विदर्भातल्या कितीतरी गावांत हिवाळ्यात रोख बक्षिसांचे कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात, प्रवेशशुल्क घेतले जाते, ध्वनिक्षेपकावरून धावते वर्णन होते, आणि बाहेरगावचे नामांकित गडी आणून संघ उभे केले जातात. त्यात रंगत आहे, गावाला मिरवावेसे वाटते, आणि चार होतकरू मुलांना त्यातून वाट सापडते, हे मी नाकारीत नाही. पण सामन्याच्या तयारीसाठी जेव्हा पटांगणाचा ताबा महिनाभर निवडक अकरा जणांकडे जातो, तेव्हा ज्या पटांगणावर रोज तीस पोरे खेळत होती तेथे एकोणीस प्रेक्षक तयार होतात. अशा वेळी निदान पटांगणाचा एक कोपरा आणि दिवसाचा एक तास लहानांच्या नावे राखून ठेवावा, एवढी तरतूद ग्रामपंचायतीने सहज करावी. त्याला पैसा लागत नाही.

सेवाग्राम याच जिल्ह्यात आहे, आणि खेळाच्या सक्तीविषयी विचार करताना मला तेथील महात्म्याच्या आत्मकथेतील एक प्रसंग नेहमी आठवतो. राजकोटच्या शाळेत दोराबजी एदलजी गिमी या मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनदासाला दोन्ही आवडत नसत, कारण स्वभाव अतिशय लाजाळू होता. आपल्या नावडीत चूक होती हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे. एकदा आभाळ भरून आल्यामुळे वेळेचा अंदाज चुकला, कसरतीला पोहोचायला उशीर झाला, कारण सांगितले ते खरे मानले गेले नाही आणि दंड झाला. दंडापेक्षा आपण खोटे ठरलो याचेच दुःख त्या मुलाला अधिक झाले. सक्तीने लाजाळू मूल मैदानावर आणता येते. त्याला खेळात आणता येत नाही. ते काम वाघ होऊन बिबटाचा हात धरणारा एखादा समवयस्क जोडीदारच करू जाणे.

अंचई तर व्हायचीच. त्या चार भांडणांपैकी दोन धावबादची होती, एक झेलाचे, आणि एक चेंडू बट्टा होता की नाही याचे. ‘‘अंचई नको करू बे!’’ ‘‘मी काऊन अंचई करू? विद्येची शपथ!’’ शपथा झाल्या, साक्षी झाल्या, जो सर्वांत जवळ उभा होता त्याची जबानी घेतली गेली, आणि तरी निकाल लागेना तेव्हा एकाने म्हटले, ‘‘जाऊ दे, पुन्हा टाक.’’ आणि चेंडू पुन्हा टाकला गेला. ज्या तक्रारीचा निकाल लागत नाही ती रद्द समजून डाव जेथे होता तेथून पुढे चालवायचा, हा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका शाळेत १९६८ साली मुलांनी उडत्या तबकडीचा ‘अल्टिमेट’ नावाचा खेळ काढला. तो आज जागतिक स्पर्धांतही पंचाविना खेळला जातो, आणि दोन खेळाडूंचे मत जुळले नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाऊन तोच क्षण पुन्हा खेळतात. ती मुले आणि ही मुले एकमेकांना कधी भेटली नाहीत. वाद मिटवून खेळ वाचविण्याची गरज दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे तोडगाही एकच निघाला असला पाहिजे.

जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हा व नोशातेल येथील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास करून १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला असे दिसले की अगदी लहान मुले नियमांना वडिलांकडून आलेले, अपरिवर्तनीय असे काही मानतात, आणि तरी ते फारसे पाळीत नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले मात्र नियम आपल्या संमतीने बदलता येतात हे ओळखतात, आणि नेमकी तीच ते कसोशीने पाळतात. हे वाचल्यापासून नियमपुस्तक हातात घेऊन मुलांच्या डावात शिरणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी माझे मत बदलले आहे. हिंगणीत एका संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाने थांबून, एक टप्प्याचा झेल क्रिकेटमध्ये चालत नाही, असे मुलांना समजावून सांगितले. मुलांनी आदराने ऐकून घेतले. ते गेल्यावर एक टप्प्याचा झेल पुन्हा चालू झाला, आणि तो चालू ठेवण्यात मुले बरोबर होती. लहान जागेत सोळा वर्षांच्या फलंदाजाला दहा वर्षांच्या गोलंदाजाने बाद करण्याची ती एकच वाट होती.

एवढे सगळे पाहून झाल्यावर एक उणीव मात्र मला रोज डाचत राहिली, आणि ती लिहिली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. त्या तेरांत मुलगी एकही नव्हती. कुंपणाच्या अलीकडे, ओट्याच्या पायरीशी, तीन मुली रोज लंगडी खेळत. आणि लंगडी खेळणाऱ्या त्यांतल्या एकीचा पाय इतका चपळ, वळण इतके झटकन, की खो-खोच्या मैदानावर तिला धरणे कोणाला सोपे गेले नसते. ‘‘तुम्ही तिकडे काऊन नाई जात?’’ असे मी तिला विचारले. ‘‘पोट्टे घेत नाईत, काका,’’ ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, ‘‘आमी मागतपन नाई.’’ या दुसऱ्या वाक्याने मला अधिक अस्वस्थ केले. दुर्बळांना खेळात ठेवण्यासाठी इतकी कलमे रचणाऱ्या त्या तहात या मुलींसाठी एकही कलम नव्हते, आणि त्याला मुले एकटी जबाबदार नव्हती. घरातल्या पाण्याच्या घागरी, धाकट्या भावंडाची राखण, आणि दहा-बारा वर्षांची झाली की अंगणाबाहेर न जाण्याचा हुकूम, या सगळ्यांचा तो परिणाम होता. मी जाऊन नायकाला विचारले. त्याने डोके खाजवले आणि म्हणाला, ‘‘जोडीनं याले पायजे ना काका. दोघी आल्या त वाटून घेऊ.’’ उत्तर टाळण्यासाठी दिले होते की मनापासून, हे मला ठरविता आले नाही. पण नियमाला धरून ते अचूक होते. मी ते तसेच पायरीशी नेऊन पोचविले. त्या तिघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि त्या दिवशी त्या गेल्या नाहीत.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी ऊन लवकर उतरले. अरण्याची कड जवळ असलेल्या गावात दिवेलागणीनंतर पोरांना बाहेर राहू देत नाहीत, आणि घराघरांतून हाका सुरू झाल्या तेव्हा नेमका एका धावबादचा वाद ऐन रंगात आला होता. सात चेंडू उरले होते, नऊ धावा हव्या होत्या. बाद धरले तर डाव संपणार, न धरले तर मोठा गडी खेळायला राहणार. दोन्हीकडच्या शपथा झाल्या होत्या आणि दोन्हीकडचे साक्षीदार खोटे बोलत नव्हते. हाका वाढल्या. अखेर असे ठरले की हा चेंडू धरायचा नाही आणि उद्या येथूनच पुढे खेळायचे. पण उद्यापर्यंत धावांचा आकडा लक्षात कोण ठेवणार, यावर पुन्हा वाद पेटला, कारण ज्या बाजूचा माणूस ठेवील त्या बाजूने तो फिरवील अशी प्रत्येकाला शंका. मग एकाचे लक्ष विटांवर बसलेल्या त्या सहा वर्षांच्या पोराकडे गेले. तो कोणत्याच बाजूचा नव्हता.

‘‘तू ध्यानात ठेवजो बे,’’ मोठा गडी त्याच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला. ‘‘सात बॉल, नऊ रन. सांग बरं किती?’’

‘‘सात बॉल, नऊ रन,’’ तो म्हणाला.

मुले पांगली. मी कुंपणाशी उभा होतो. तो माझ्या समोरून एकटाच घराकडे निघाला, हात मागे बांधून, पायाखाली न पाहता, आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावरही काही वेळ त्याचा आवाज येत राहिला, सात बॉल, नऊ रन, सात बॉल, नऊ रन.